जात्यावरचं इंग्रजी

मॅट्रिकला बसलेली बेबीनंदा इंग्रजीची जोडक्रियापदं पाठ व्हावीत म्हणून ओव्यांत गुंफायची, अन् तिची अक्षरशून्य माय गिरिजाबाई त्या जात्यावर गायची:

"पुट अप विथ म्हंजी, सोसावं गं बाई,
गिव्ह अप म्हंजी सोडणं, लेक सोडायची न्हाई."

एकदा परतूरच्या मास्तरांची मुलगी घरी आली. "कोण गं गाऊन राह्यली?" म्हणत हसली.

"दळणाला लावलेली बाई हाय," बेबीनंदा बोलून गेली. आत जातं क्षणभर थांबलं.

परीक्षेत 'पुट अप विथ'चा अर्थ विचारला. वही आठवेना, मायचा गळाच आठवला.

घरी येऊन तिनं मायसमोर बसून जात्याचा खुंटा धरला. "माय, म्हण की ओवी."

"मी दळणाला लावलेली बाई, लेकी. तूच म्हण."

बेबीनंदानं खुंटा फिरवला, अन् दोघी ओवीविना दळत राहिल्या.