आगळाचा रंग

आमच्या ह्यांना खोकल्याचं भारी कौतुक. डॉक्टरांसमोर बसले की उबळ किती वाजता येते, कफ पिवळा की पांढरा, जिन्याच्या कितव्या पायरीला धाप लागते, सगळं साग्रसंगीत सांगतात. चाळीस वर्षांच्या विडीने छाती पोखरली, हे मात्र सांगत नाहीत. आणि पोटाचं तर नावच नाही. छातीचं दुखणं चारचौघांत मिरवता येतं, शौचाचं कसं मिरवणार?

चार महिन्यांपूर्वी संडासात मला लाल दिसलं. विचारलं तर म्हणाले, "आगळाचा रंग हाय तो, कमळे. इतका कोकम पितो, मग काय हिरवा दिसणार?" पितात खरे, कोकमाचा दाट रस म्हणजे आगळ, पाण्यात घालून सकाळ-संध्याकाळ पेला भरून. मला पटलं. पण कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, आणि पँट कमरेवरून घसरायला लागली. दवाखान्यात चला म्हटलं की एकच उत्तर, "उष्णता गो." डोकं फिरायचं माझं.

शेवटी आगळाच्या बरण्या शेजारच्या फातिमाकडे नेऊन ठेवल्या आणि ह्यांना सांगितलं, यंदाचं नासलं. पंधरा दिवस घरात कोकम नाही. आमटीतसुद्धा चिंच. लाल काही थांबलं नाही.

आज सावर्ड्याहून चिपळूणला नेलं, खोकल्याच्याच निमित्ताने. ह्यांचं कफपुराण सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पंप लिहायला घेतला, तेव्हा मी मध्येच तोंड उघडलं. रक्त, जुलाब, घटलेलं वजन, पंधरा दिवसांची चिंच, सगळं सांगून टाकलं. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"चार महिने," मी म्हटलं.

"दोन वर्षां," हे खाली बघून म्हणाले.

"आगळ प्यायला लागलात तेव्हापासून?" मी विचारलं.

"म्हणून तर लागलो. तुला लाल दिसला तर काय सांगू? दादाच्या पोटावरची पिशवी बघितलीय मी."

दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, सखारामभावजी. आतड्याच्या कॅन्सरने गेले.

बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली, परवाचीच. मला इतका संताप आला की रडूही येईना. दोन वर्षं हा माणूस भीतीपोटी पेले रिचवत होता. आणि ह्यांना आवडतं म्हणून गेल्या वैशाखात मी दोन बरण्या आगळ जास्त काढलं होतं.