मोगरीखालचं लाकडी अंडं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी अंडं आहे. माझ्यातून कधी काही बाहेर आलं नाही, तेव्हा माझी हकीकत ऐकताना फारशी आशा धरू नका.

एकोणीसशे एकोणतीस साली सोलापुरात पाळणे बनवणाऱ्या एका सुतारानं उरलेल्या सागवानातून मला घडवलं. चुना फासून मला वीरभद्रप्पांच्या बागेत धाडलं. त्यांच्या हौदावर शोभेचे पांढरे हंस होते. गिरणीतले साहेबलोक मडमांना घेऊन पाहायला येत. आप्पांचा हंसांवर भारी जीव, पण अंड्याला त्यांचा हात लागत नसे. घर कडक शाकाहारी, रिवाजच तसा. म्हणून ते काम शेजारच्या कोंबड्या पाळणाऱ्या बिबीजानकडे.

मोगरी नावाच्या हंसिणीनं अंडं घातलं की बिबीजान ते नेऊन आपल्या कोंबड्यांखाली उबवायला ठेवी. घरट्यात उरायचं ते मी एकटं. घरटं रिकामं दिसलं की हंसीण घालायचं थांबते ना! तीन हंगामांत मोगरीनं एकोणचाळीस अंडी दिली. वाहवा आप्पांची झाली. मी वाईट वाटून घेतलं नाही. लाकडाला ते जमत नाही.

चौथ्या उन्हाळ्यात मोगरी नुकतीच खुडूक होऊन मला उबवत बसली होती, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी बिबीजानला दुधनीला जावं लागलं. टांग्यात चढता चढता ती म्हणाली, "आप्पा, मोगरीखालचं लाकडी अंडं आजच काढा. न्हाईतर बसून बसून उपाशी मरंल ती."

"व्हय, काढतो की."

"लाकूड हाय बरं का ते! चावत न्हाय."

"मला कळत न्हाय व्हय? जा तू."

संध्याकाळी आप्पा आले. हात पुढं केला, मागं घेतला. लाकडाचं असलं तरी अंडंच की! मग त्यांनी काठीनं मला बाहेर ढकललं. मोगरीनं मान लांब करून, चोचीखाली धरून मला पुन्हा पोटाशी ओढलं. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी आप्पांनी काठी ठेवून दिली.

माळ्याला सांगता आलं असतं. पण लाकडाला भिणारे आप्पा, असं गावभर झालं असतं.

महिन्यानं बिबीजानचा नवरा चांदसाब सांगत आला, "सात पिल्लं निघाली मोगरीची! लई गुटगुटीत!"

आप्पांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग म्हणाले, "बेस झालं." चांदसाब गेला.

मोगरीपुढचा लसूणघास तसाच वाळत होता. तिची ऊब मला रोज मिळे, रोज थोडी कमी. मी दिवस मोजले. एकेचाळिसाव्या दिवशी ऊब आली नाही.

आप्पा वाकले. तिचा पंख उचलून त्यांनी मला सरळ मुठीत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"हलकं हाय की गं," ते मोगरीला म्हणाले.

आठवड्यानं बिबीजान परतली. दारातूनच तिनं विचारलं, "आप्पा, काढलं का अंडं?"

"काढलं."

आता मी त्यांच्या कोनाड्यात असतं. हौदावर सात हंस पोहतात. मित्रांनो, एकच मागणं. कुणाच्या पोटाखाली खोटं काही ठेवलंत, तर ते वेळेवर, आपल्या हातानं काढा. हात धीट होतो, पण उशिरा.