मधलं पॅडल

त्या जुन्या गाडीत ब्रेक उजवीकडे होता आणि ॲक्सिलरेटर मध्ये. त्याची पितळी चकती उजव्या कडेला दोन मिलिमीटर झिजली होती. हेस्टरने मोजली होती. थोडी झीज वडिलांच्या बुटाची, उरलेली तिच्या.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. १९३४ सालची ती बिनछपराची स्पोर्ट्‌स कार विकायची, असं भाऊ बार्नबी म्हणत होता आणि हेस्टर ‘बघू’ म्हणत होती. आज जुन्या गाड्यांच्या क्लबची टेकडी-शर्यत होती, एकेक गाडी घड्याळ लावून चढावर पळवायची; तिथे गिऱ्हाईक, लव्हीबंडसाहेब, चहाच्या वेळेपर्यंत उत्तर मागत होते. बार्नबी नळकाम करायचा. आपली दोन वर्षांची व्हॅन, मागे पाइपांसकट, या गाडीला चढावर मागे टाकील, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

“तुला आकडे पटतात ना, हेस्टर? मग आकडेच बघ.”

हेस्टर म्हणाली, बघते. पण तुलना करायची तर दोन्ही मीच चालवणार. जेवणाच्या सुटीत क्लबने रस्ता मोकळा करून दिला.

आधी गाडी. निशाण पडलं आणि वारा दातांवर आपटला. प्रत्येक गिअर हाताने समजावून घालावा लागत होता, चाकं वळणावर बाहेर सरकत होती. वर पोचल्यावर तिने घड्याळाकडे पाहिलं. एक्कावन्न पूर्णांक चार सेकंद.

मग व्हॅन. आत उबदार, शांत. गिअर बोटाच्या धक्क्याने पडत होते. अर्ध्या चढावर फलक लागला: दोन सेकंदांनी पुढे. कुंपणापाशी माणसं सँडविच विसरून ओरडू लागली. शेवटचं वळण आलं, आणखी वेग हवा म्हणून हेस्टरने पाय गच्च दाबला.

मधल्या पॅडलवर.

व्हॅन जागच्या जागी थांबली. मागचे पाइप खणखणत पुढे आले. टेकडीभर हशा पिकला.

बार्नबी धापा टाकत वर आला. “जिंकत होतीस की गं! ब्रेक कशाला मारलास?”

“ब्रेक नाही मारला. वेग मागितला.” ती स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होती. हसू आवरत नव्हतं. “तुझी व्हॅन जास्त वेगवान आहे, बार्नबी. तसं लिहून टाक. आणि लव्हीबंडसाहेबांना सांग, गाडी विकायची नाही.”