जोतीराम तात्याचं कुलूप

आमी धा जण, कुणी स्टँडावर झोपायचो, कुणी पुलाखाली. मग एका संस्थेनं बारामतीत एमआयडीसीच्या मागं धा खोल्या बांधून आमाला कायमच्या दिल्या. कायमच्या म्हंजे काय, तर वर्साच्या तपासणीत पास झालो तर. महिन्यात वीस रात्री खोलीत झोपलेलं पायजे, न्हायतर खोली दुसऱ्याला.

माझ्या शेजारी जोतीराम तात्या. इंदापूरच्या स्टँडावर बावीस वर्सं काढलेला माणूस. खोली मिळाली, पर गडी एक रात्र आत झोपंल तर शपथ. जेवला की दाराला बाहेरनं कुलूप, किल्ली करदोड्याला, आन् वट्यावर आडवा. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

तपासणीला पुण्याहनं रश्मी मॅडम यायच्या होत्या. सकाळधरनं मी तात्याकडनं घोकून घेत बसले. खोलीत किती रात्री झोपलास? तीस.

मॅडमनं तेच इचारलं. तात्या म्हणला, तीस. माझा जीव भांड्यात पडला. तवर ह्यो शाना फुडं बोलला, "तीसच्या तीस बाहेर."

मुडदा बशिवला त्याचा!

मॅडमनी पेन खाली ठिवला, का म्हणून इचारलं. तात्यानं किल्ली दावली.

"किल्ली देताना संस्थेचं सायेब म्हणलं, ही संभाळा, खोली तुमची. मी आत झोपलो तर बाहेरनं कुलूप कोन लावणार?"

आतनं कडी हाय की रं, मी म्हटलं. तर म्हणतो, कडीला किल्ली कुठं हाय?

मला हसावं का रडावं कळंना. मॅडम उठल्या आन् तेच कुलूप आतल्या कोयंड्यात अडकवून दावलं. तात्यानं दोनदा लावून बघितलं, दोनदा उघडून बघितलं. मग आमाला दोघींना बाहेर घालवलं आन् दार लोटलं. आत कुलूप लागल्याचा आवाज आला.

अर्धा तास झाला. फॉर्मवर त्याचा अंगठा राहिलेला. मॅडमनी दार वाजवलं.

"कोन हाय?"

बावीस वर्सं स्टँडावर पोलीस ह्या माणसाला काठीनं ढोसून उठवत व्हते. दार कुणी वाजवलं न्हवतं. माझ्या डोळ्याला पाणीच आलं.

"मी रश्मी. आत येऊ का, तात्या?"



"आत्ता झोपलोय," तात्या आतनं म्हणला. "उद्या या."

मॅडम त्याच्याच वट्यावर बसल्या आन् फॉर्मात लिहिलं, खोलीत झोपतात.