जन्नतबीचा जबडा

कुंडलची कासारीण जन्नतबी शिव्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेली. सत्तेचाळीस साली तिचा जबडा सुजला. दोन दाढा उपटल्या, तरी सूज वाढतच गेली.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "हा लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर. तुमचा मात्र हाडातच उगवलाय, असा क्वचितच दिसतो. अर्धा जबडा काढावा लागेल."

"काढा की! नवऱ्याला शिव्या द्यायला उरलेला लय झाला."

बाहेर येऊन मात्र ती नवऱ्याचा, बादशहाचा, हात धरून रडली.

ती वाचली, पण तिचं बोलणं बादशहाखेरीज कुणाला कळेना. बाजारात घासाघीस करणाऱ्या पाटलीणबाईंवर ती गुरगुरली. जन्मात कुणाला दुखवून न बोललेला बादशहा घाम पुसत म्हणाला, "आवं बाई, ही म्हणतीया, तुमी लय चिक्कू हायसा."

जन्नतबीनं त्याला कोपर मारलं.

"आन् टवळीबी," तो पुटपुटला.