धडधाकट माणसाचं रक्त

बाईंनी नळीत रसायनाचा थेंब सोडला आणि झाकण लावलं. आतला पिवळसर द्रव गढूळच राहिला. पडद्यावरची रेघ आडवी.

शेजारी पेशंट मुलीची रेघ.

तीही आडवी.

"ताई, तुमचं रक्त संपावर गेलंय वाटतं," लंबू म्हणाला. प्रयोगशाळेत त्याला सगळे लंबूच म्हणत.

रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की द्रव निवळतो, रेघ चढते. मुलीच्या चिकटत नसतील तर उद्या तिच्या टॉन्सिलला हात लावायचा नाही. पण हे छातीठोकपणे सांगायचं, तर शेजारी एका धडधाकट माणसाच्या चिकटायला हव्यात. धडधाकट माणूस म्हणजे बाई. कित्येक वर्षं बाईच. नवरा वारल्यावर घेतलेल्या रजेनंतर आज पहिल्यांदा.

"रसायन बाद झालं असणार. नवी बाटली फोडतो."

फोडली.

आडवी.

"मग यंत्र. कंपनीला फोन लावू? पण तोवर रक्त शिळं होईल. पोरीला परत टोचलं तर तिची आई सोलून काढेल आपल्याला."

बाईंनी हातमोजे काढले. एकेक बोट सरळ केलं.

"फोन नको. तुझं घेऊ. हात पुढे कर. दहा दिवसांत कुठली गोळी घेतलीस? डोकेदुखी, अंगदुखी?"

"नाही हो." तो थांबला. हा प्रश्न प्रत्येकाला बाईच विचारत. बाईंना कुणी विचारलाच नव्हता. "ताई, तुम्ही?"

"ह्यांची. रक्त पातळ ठेवायची. सकाळी चहाबरोबर काढून द्यायची सवय." त्यांनी त्याच्या दंडावर पट्टा आवळला. "काढली की परत पाकिटात जात नाही ना ती."

लंबूनं मूठ वळली.

त्याचं रक्त यंत्रात फिरून येईपर्यंत दोघं पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर काही नव्हतं.

मग त्याची रेघ चढली. झरझर, उर्मटासारखी. मुलीची आडवीच. आता ती खरी. बाईंनी स्वतः वॉर्डात फोन करून शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं.

निघताना तो म्हणाला, "ताई, उरलेल्या संपल्या की बंद करा हां."

"हो रे."

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं त्यांना लांबूनच पाहिलं. पायरी चढेपर्यंत नेहमीच्या गोळ्यांचं पाकीट काउंटरवर.

"काय म्हणतात काका? बरे आहेत ना?"

"बरे आहेत," बाई म्हणाल्या.