जुन्या क्रमांकाचा गठ्ठा

निबंधबाई हे नाव तिला ऑफिसनं ठेवलं होतं आणि ते काही उगाच नव्हतं. बाकीची मंडळी कोडमध्ये बदल केला की नोंदीत 'दुरुस्ती' एवढं खरडून मोकळी व्हायची. ही मात्र काय बदललं, का बदललं, चूक कुणाची, सगळं साग्रसंगीत लिहायची. चूक स्वतःची असली तर दोन ओळी जास्तच.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा पुढ्यात उघडा ठेवून, ती सर्व्हरवरची येण्याजाण्याची यादी सहज चाळत होती. ऑफिसच्या सगळ्या प्रोग्रॅमच्या सगळ्या आवृत्त्या त्या सर्व्हरवर असत. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना सगळा इतिहास कशाला हवा? ते लोक नुसता आवृत्तीचा क्रमांक सांगायचे आणि सर्व्हर तेवढ्याच आवृत्तीचा गठ्ठा बांधून पाठवायचा. दिवसाला असे पंधरा-वीस गठ्ठे जात. आज एकाच किल्लीवर, म्हणजे मागणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एकाच सांकेतिक खुणेवर, दोन गेले होते, अकरा वाजून पाच मिनिटांनी एक आणि अकरा वीसला दुसरा. किल्लीचं नाव होतं 'छकुली'.

घास तिच्या हातातच राहिला.

छकुली म्हणजे तिची भाची, धाकट्या बहिणीची पाच वर्षांची लेक. आणि लेकीचं नाव किल्लीला देणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे धाकटीचा नवरा. सहा वर्षं तो याच ऑफिसात, हिच्या समोरच्या टेबलावर बसत होता. त्यानं धाकटीचा हात मोडला त्या आठवड्यात त्याला इथून काढलं, आणि हिनं स्वतःच्या हातानं त्याची किल्ली रद्द केली. पण अगं बाई, किल्ल्यांच्या याद्या दोन होत्या! कोड लिहिणाऱ्यांची एक आणि नुसते गठ्ठे नेणाऱ्यांची दुसरी. ती दुसरी हिच्या ध्यानातच आली नव्हती.

अकरा वीसच्या गठ्ठ्याचा क्रमांक तिनं वाचला. तो तिला पाठ होता.

धाकटी लेकीला घेऊन एका संस्थेच्या घरात लपली होती. जिवाच्या भीतीनं पळालेल्या बायकांची ती तीन घरं, आणि एकाही घरावर पाटी नव्हती. त्या संस्थेचा प्रोग्रॅम गेले काही महिने हेच ऑफिस लिहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी चाचणी करता करता निबंधबाईच्या हातून खरी यादी कोडमध्ये गेली. कोणती बाई कोणत्या घरात, अगदी पत्त्यासकट. दहा मिनिटांत चूक लक्षात आली तेव्हा तिनं ती आवृत्ती इतिहासातून पार खरवडून काढली. आणि मग, सवय जाते थोडीच, पुढच्या नोंदीत क्रमांकासह लिहून ठेवलं, 'या आवृत्तीत तिन्ही घरांच्या पत्त्यांची खरी यादी माझ्या चुकीनं आली होती. काढून टाकली आहे.'

नोंदींची फाइल प्रत्येक ताज्या गठ्ठ्यासोबत बाहेर जाते. पहिल्या गठ्ठ्यात त्यानं ती वाचली आणि पंधरा मिनिटांत दुसरा मागितला.

खरवडलेली आवृत्ती दिसत नाही, पण सर्व्हरच्या तळाशी बरेच दिवस पडून असते. ती कुणी मागितली तर सर्व्हर नाही म्हणतो. म्हणजे म्हणायचा! गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचं काम अडलं म्हणून तो नकार हिनंच बंद करून ठेवला होता.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं धाकटीच्या घरी फोन लावला, संस्थेच्या.

घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणत. त्यांनीच फोन उचलला.

"मावशी, धाकटीला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. तिच्या नवऱ्याकडे पत्ता गेलाय."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

"गाडी यायला वीस मिनिटं लागतील. पोलिसांना मी कळवते. तुम्ही रडत बसू नका, त्याला फोन लावा आणि बोलण्यात गुंतवा."

त्यानं पहिल्या रिंगला उचलला. मागे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

"ताई! किती दिवसांनी आठवण काढलीत."

"कुठे निघालात?"

"छकुलीकडे. खाऊ घेतलाय तिच्यासाठी."

"अहो, ती यादी खोटी आहे. चाचणीसाठी मनानं बनवलेले पत्ते आहेत ते."

तो अगदी मनापासून हसला. "सहा वर्षं तुमच्या नोंदी वाचल्यात, ताई. तुम्ही 'खरी यादी' असं लिहिलंय. नोंदीत तुम्ही कधी खोटं लिहिता का?"

तरी ती बोलत राहिली. त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्याला नाही नाही ते बोलली, माफी मागितली, पुन्हा गुडघ्यांवर आली. तो निवांत हो-हो करत होता. मग टिकटिक थांबली आणि गाडीचं दार वाजलं.

"पोहोचलो, ताई. ठेवतो."

फोनवर आकडा दिसत होता, चौदा मिनिटं. वीस हवी होती, चौदाच झाली. तिनं मावशींना फोन लावला, त्या उचलेनात. पुन्हा लावला. शेजारचा म्हणाला, "निबंधबाई, डबा गार झाला की!" तिला नुसते त्याचे ओठ हलताना दिसले.

एक वाजून अडतीस मिनिटांनी फोन वाजला.

"निघाल्या दोघी," मावशींना धाप लागली होती. "मागच्या दारानं. हा पुढची बेल बडवत होता. पोलिसांनी धरलंय त्याला. पण यादी किती जणांकडे गेली कुणास ठाऊक, आता तिन्ही घरं रिकामी करतोय."

तिला रडूच फुटलं. डोळे पुसत तिनं विचारलं, "कुठे नेलंत हो तिला? मी संध्याकाळी येते, छकुलीचे कपडे..."

पलीकडे मावशींनी कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं.

"मावशी?"

"हे मी म्हणत नाही हं, ताई. गाडीत बसताना तीच म्हणाली, ताईला पत्ता सांगू नका."

निबंधबाईनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. किल्ली रद्द केली, सर्व्हरचा नकार पुन्हा सुरू केला, तळ झाडून साफ केला. नोंदीची चौकट उघडली. काय बदललं, का बदललं, चूक कुणाची.

मग तिनं लिहिलं, 'दुरुस्ती'.